टाकीचं तोंड

एकेचाळिसाव्या वर्षी गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी पोहायला शिकले. सकाळी साडेसहाला बायकांची बॅच असायची. तिथून घरी येऊन, डबे भरून, केस ओलेच असताना शाळेत जायचं. मी सोलापुरातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. गुडघा सहा महिन्यांत बरा झाला, पण पाण्याचा नाद काही सुटला नाही. तीन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत मी कर्नाटकच्या किनाऱ्यावर जाऊन स्कूबाचा चार दिवसांचा कोर्स करून आले.

"आपल्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि तू समुद्राच्या तळाला निघालीस," असं नवरा म्हणाला होता. तो चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पाण्याची त्याला भीती वाटते आणि ते तो लपवत नाही.

कोर्स छान झाला. एकच त्रास होता. श्वास घ्यायचं यंत्र, म्हणजे रेग्युलेटर, भाड्याचा मिळायचा. त्याचं रबरी तोंड आधीच्या पन्नास जणांनी चावून चावून चपटं केलेलं. ते दातांत धरून ठेवता ठेवता माझा जबडा भरून यायचा आणि रात्री भाकरी चावताना कानाजवळ कळ निघायची. टाकी, वजनाचा पट्टा, जाकीट सगळं भाड्याचं चालेल, पण तोंडात धरायची वस्तू आपली असावी, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढच्या मार्चमध्ये पेपर तपासणी संपत आली तेव्हा मी पुण्यातल्या एका दुकानात फोन लावला. दुकानदारानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, योक देऊ का डिन?"

मला वाटलं, रंग विचारतोय. मी म्हटलं, "चांगलं टिकेल ते द्या."

तो हसला. मग त्यानं समजावून सांगितलं. हवेच्या टाकीच्या तोंडाचे दोन प्रकार असतात. योक प्रकारात रेग्युलेटर टाकीच्या तोंडावर बाहेरून शिकंज्यासारखा बसतो आणि मागचा स्क्रू पिळून आवळतात. डिन प्रकारात रेग्युलेटरचं टोक टाकीच्या तोंडात आत शिरतं आणि आट्यांवर फिरवून बसतं. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याच्या टाकीला थेट बसत नाही. "तुम्ही जिथं जाताय तिथं टाक्या कुठल्या आहेत, ते विचारून घ्या आणि मग मला सांगा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी इंटरनेटवर वाचायला बसले आणि जास्तच गोंधळले. आट्यांचा प्रकार मजबूत, कुठं आपटला तरी सहसा निसटत नाही, असं काही जण म्हणत होते. बाकीचे म्हणत होते, सुट्टीत भाड्याच्या टाकीवर डुबक्या मारणाऱ्यानं शिकंजाच घ्यावा, कारण आपल्या भागात बहुतेक टाक्या त्याच. एका माणसानं लिहिलं होतं की तो हौसेनं आट्यांचा रेग्युलेटर घेऊन एका बेटावर गेला आणि आठवडाभर तो पिशवीतच राहिला. ते वाचून मला माझाच रेग्युलेटर पिशवीत पडलेला दिसायला लागला.

डायव्हिंग सेंटरमधल्या बाईंना मी मेसेज टाकला. कोर्स त्यांनीच मला शिकवला होता, त्या अतिशय शांत बाई. त्यांनी उत्तरादाखल एक फोटो पाठवला: भिंतीला टेकून उभ्या दहा-बारा टाक्या, आणि खाली ओळ, 'मिक्स आहेत. त्या दिवशी भरलेली जी मिळेल ती.'

संध्याकाळी मी तो फोटो मोठा करून करून बघत स्वयंपाकघरात बसले होते. मामा, म्हणजे माझे सासरे, समोर शेंगा सोलत होते. मामा मूळचे सांगोल्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि पाच वर्षांपासून आमच्याजवळ राहतात. मला ते लाडानं मास्तरीणबाई म्हणतात.

"काय एवढं बगालीस मास्तरीणबाई?" त्यांनी विचारलं.

मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोटानं फोटो मोठा केला आणि एका टाकीच्या तोंडावर बोट ठेवलं.

"ह्ये मला म्हाईत हाय की."

"तुम्हाला? कसं काय मामा?"

ते उठले. आतल्या कपाटातून एक कापडी पिशवी घेऊन आले आणि तिच्यातली वस्तू काढून टेबलावर ठेवली. मी ती लगेच ओळखली. आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, ऑक्सिजनच्या लहान टाकीला लावायचा तो शिकंजा होता.

आत्यांचं फुप्फुस शेवटी शेवटी फार थकलं होतं. आठ महिने त्या घरीच होत्या. लाइट गेली की ऑक्सिजनचं मशीन बंद पडायचं, म्हणून उशाशी ऑक्सिजनची लहान टाकी ठेवलेली असायची. ती बदलायचं काम मामांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मी शाळेत, नवरा कारखान्यात, घरात दिवसभर ते दोघंच. त्यांनी तो शिकंजा जपून ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं.

"ह्यो बग," शिकंज्यातल्या खाचेवर नख टेकवून ते म्हणाले, "हितं वायसर बसतोय. टाकी आन् ह्याच्या मदी. त्यो घासला की हवा बाहीर."

"ह्या टाक्यांनाही तसंच असतं. ओ-रिंग म्हणतात त्या रबरी कड्याला."

"काय बी म्हणंनात. वायसरच त्यो."

 शेंगांची ताटली त्यांनी बाजूला सरकवली.

"एकदा दुपारची लाइट गेली हुती. टाकी लावली, तर तिच्या उशाशी बारीक फुसफुस चालू. मी म्हनलं, एवढं एवढं तर निसटतंय, काय हुतंय. तिला बी डोळा लागला हुता, कशाला हलवायचं. चार वाजता बगतो तर काटा खाली. टाकी रिकामी. दुसरी आनायला मी असा पळालो की चप्पल कुटं गेली त्ये बी कळलं न्हाय."

"मग?"

"मग काय, आनली. लावली. ती उठून म्हनली, अनवाणी का हिंडालाय?" ते किंचित हसले. "पर तवापासनं फुसफुस ऐकली की मी आदी वायसर बगतोय."

मी त्यांना दोन्ही प्रकार कागदावर चित्र काढून समजावले. शिकंजा असला तर तो वायसर टाकीच्या तोंडात असतो. आटे असले तर तो आपल्या रेग्युलेटरच्या टोकावर असतो. हे ऐकल्याबरोबर त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आट्यांच्या चित्राभोवती गोल केला.

"मंग ईचार कसला करालीस? ज्याचा वायसर आपल्यापाशी, त्यो बरा. भाड्याच्या टाकीचा वायसर त्यांनी कवा बदलला, बदलला का न्हाय, आपल्याला काय म्हाईत?"

इतकं वाचूनही हा साधा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. इतक्यात नवरा कामावरून आला. हातपाय धुऊन त्यानं चित्र पाहिलं आणि मामांना म्हणाला, "अण्णा, बरोबर हाय तुमचं. पण तिथल्या टाकीला तो बसलाच नाही तर? जे तिथं चालतं ते घ्यावं माणसानं."

"त्येच्यासाठी जोड मिळत आसंल की."

जोड मिळत होता. दुकानदारानं दुसऱ्या दिवशी तेच सुचवलं: आट्यांचा रेग्युलेटर घ्या आणि त्यावर चढवायचा शिकंजा वेगळा घ्या, म्हणजे कुठलीही टाकी चालेल. आता यावर मामाच नाराज. "जोड वाढला की गळायची जागा वाढली," असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं पाइपलाइन जोडलेला माणूस, त्याच्याशी काय वाद घालायचा? पण शेवटी मी तेच मागवलं. जोडाबरोबर ओ-रिंगांचं एक पाकीटही मागवलं, तेव्हा मामांच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या.

आठ दिवसांनी पार्सल आलं. आम्ही तिघांनी ते जेवणाच्या टेबलावर उघडलं. काळं चकचकीत यंत्र, चार नळ्या, नवं कोरं रबरी तोंड. मी ते दातांत धरून पाहिलं आणि जबड्याला इतकं बरं वाटलं की तशीच आरशासमोर जाऊन उभी राहिले. मात्र ते चालतं की नाही हे बघायची काही सोय नव्हती. तशी टाकी सगळ्या सोलापुरात कुठं असल्याचं कुणी सांगेना. मामांनी दोन-तीन वेल्डिंगवाल्यांना फोन करून पाहिले. एकानं त्यांना विचारलं म्हणे, "आता ह्या वयात काय वेल्डिंगचा धंदा काढता का काय?"

एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. मामांना एकटं कुठं ठेवायचं, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. शेंगाचटणी, कडक भाकरी, दह्याचा डबा आणि मामांची पान्यांची पिशवी. "समुद्रात पाने कशाला, अण्णा?" असं नवऱ्यानं विचारलं, तर ते म्हणाले, "गाडी हाय का न्हाय बरोबर?" विजापूर मागे पडल्यावर ते हॉटेलवाल्यांशी, पेट्रोलपंपावर, सगळीकडे कानडीत बोलायला लागले. आत्या अक्कलकोटकडच्या. घरात चिडल्या की कानडीत बोलायच्या. मामांना ती भाषा अशी ऐकून ऐकून आलेली. गाडीत मी मागे बसून त्यांचं बोलणं ऐकत होते. आत्या गेल्यानंतर ते इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोटीत बसलो. बेट किनाऱ्यापासून दीड तासावर होतं. नवरा बोटीच्या बरोबर मध्यभागी, दोन्ही हातांनी फळी धरून बसला. मामा कडेला. अंगात नारिंगी लाइफ जाकीट आणि खाली धोतर, असा त्यांचा अवतार होता.

बेटाजवळ नांगर टाकल्यावर मला टाकी मिळाली. तिचं तोंड मी उत्सुकतेनं पाहिलं. खरं म्हणजे ती दोन्ही प्रकारे चालणारी होती. आत आटे होते, पण त्यांत शिकंज्यासाठी एक पितळी गाभा पिळून बसवलेला. तो काढला की माझा रेग्युलेटर थेट बसला असता. पण गाभा कित्येक वर्षांत कुणी हलवला नसावा, मीठ धरून तो जाम झाला होता. मग मी जोड चढवला, शिकंजा आवळला आणि टाकी उघडली.

फुस्स.

आवाज बारीकच होता. बोटीवरच्या माणसानं कान दिला आणि हिंदीत म्हणाला, "इतना चलता है मॅडम. पानी में जाते ही प्रेशर से बैठ जाता है."

मी मान हलवणार होते. उगाच पहिल्याच दिवशी कटकट कशाला, असंही मनात आलं. तेवढ्यात मामा फळीला धरत धरत माझ्यापर्यंत आले. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि शिकंज्यावर ओतलं. जिथं शिकंजा टाकीच्या तोंडाला टेकत होता, बरोबर तिथूनच बुडबुड्यांची एक रांग निघाली. माझ्या जोडातून काही येत नव्हतं.

"इदु बेड," मामा त्या माणसाला म्हणाले. "होसदु हाक्री." हा नको, नवा घाला.

तो माणूस चकित होऊन त्यांच्याकडे बघायला लागला. मग दोघांचं कानडीत काहीतरी सुरू झालं. मला त्यातलं फक्त 'वायसर' समजत होतं. आवाज ऐकून आमच्या शिकवणाऱ्या बाई पलीकडून आल्या. त्यांनी बुडबुडे पाहिले आणि लगेच म्हणाल्या, "काका बरोबर बोलतायत. बंद कर ती टाकी."

मी माझं पाकीट काढलं, तर त्यातली वर्तुळं दुसऱ्या मापाची निघाली. माझी होती आट्यांच्या टोकाची, आणि इथं हवं होतं टाकीच्या तोंडाचं. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. पण बाईंच्या डबीत योग्य मापाची होती. टाकी बंद करून त्यांनी नळीतली हवा सोडली, शिकंजा उतरवला आणि एका बारीक आकड्यानं जुनं वर्तुळ उचकटून बाहेर काढलं. त्याला एका बाजूनं चीर गेली होती. नवं बसवलं, पुन्हा आवळलं, टाकी उघडली. मामा शिकंज्याला कान लावून बराच वेळ वाकून राहिले. 

"हां," ते सरळ होत म्हणाले. "जा आता."

पहिली डुबकी अशी झाली. नव्या रबराचा जबड्याला काही त्रास नाही, श्वास हलका. एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता पुढून गेलं.

वर आल्यावर दुसऱ्या डुबकीच्या आधी तासभर थांबायचं होतं. बाई मला म्हणाल्या, "एक टाकी नवीन आलीये, तिचा गाभा निघायला हवा. पण त्याची षटकोनी चावी, एलन की, किनाऱ्यावर राहिली." त्या टाकीकडे बघून मामांनी नवऱ्याला पिशवी काढायला सांगितली. नवऱ्यानं ती हसत हसत फळीखालून काढून दिली. मामांनी दोन एलन की लावून बघितल्या, तिसरी बसली. ती त्यांनी बाईंच्या हातात दिली. "तुमची टाकी, तुमीच फिरवा." अर्ध्या पिळात गाभा सुटला. मी माझा रेग्युलेटर आट्यांवर धरला आणि तो बोटांनी फिरत फिरत आत जाऊन टेकला. टाकी उघडली. काहीही आवाज नाही.

"बगितलंस?" मामा म्हणाले.

मग बाईंनी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला पोहता येतं?"

"विहिरीत पडलेल्या मोटारी काढल्यात मी," ते म्हणाले. "पन्नास-साठ तरी."

हे मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. मोटार विहिरीत सुटली की दोरी घेऊन ते खाली जायचे. गढूळ पाणी, डोळे मिटलेले, सगळं हातानं चाचपायचं. "खाली काय असतंय त्ये मी कधी बगितलंच न्हाय. हाताला लागंल त्येवढंच."

बाईंनी त्यांना जास्तीचा मास्क आणि स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, दिली. नाक झाकल्यावर ते जरा घाबरले, मग तोंडानं श्वास घ्यायचं जमलं. धोतर काढून त्यांनी नवऱ्याची हाफ पँट चढवली, शिडीवरून पाण्यात उतरले आणि दोरी धरून, जाकिटावर तरंगत, तोंड पाण्यात घातलं. अर्धं मिनिट झालं, मिनिट झालं. नवरा फळी सोडून कडेला आला आणि "अण्णा? अण्णा!" असं ओरडायला लागला.

मामांनी मान वर काढून तोंडातली नळी काढली. "गप की जरा! दगडं दिसाल्यात. समदी दिसाल्यात." आणि पुन्हा तोंड आत.

आमची दुसऱ्या डुबकीची वेळ झाली तरी ते वर यायला तयार नव्हते. बोटीवरचा तो सकाळचा माणूस त्यांच्याजवळ पाण्यात थांबला आणि आम्ही खाली गेलो. दहा-बारा मीटरवर मी पाठीवर होऊन वर पाहिलं. बोटीचं पोट काळं दिसत होतं. त्याच्या शेजारी दोन बारीक पाय लोंबत होते, नारिंगी जाकीट आणि मधोमध मास्कमधला एक चेहरा खाली बघत होता. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. माझ्या आसपास पिवळ्या माशांचा मोठा थवा होता, बाकीचे डायव्हरही होते, आणि माझ्या श्वासाचे बुडबुडे एकामागून एक त्यांच्याकडे वर जात होते. मी मास्कमध्ये हसले आणि थोडं पाणी आत आलं.

"त्यातली तू कंची, काय कळंना," नंतर टॉवेल गुंडाळून बसलेले मामा मला म्हणाले. "मंग मी समद्यांनाच हात केला."

संध्याकाळी लॉजच्या गॅलरीत मी रेग्युलेटर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून धूत होते. शेजारी मामा सांगोल्याला माझ्या नणंदेशी फोनवर बोलत होते. आवाज असा की खालच्या मजल्यावरही ऐकू जावा.

"आगं मासं! हातायवढं! पिवळं! ... न्हाय, मी न्हाय खाल्लं, बगितलं ... वयनी? ती खाली हुती की. ... आगं, न्हाय, तिला काय बी झालं न्हाय, टाकी हुती तिला. टाकीचं दोन प्रकार आसत्यात, ऐक..."

दोन्ही प्रकार त्यांनी तिला समजावून सांगितले. योकला डिन म्हणाले आणि डिनला योक, पण वायसर कुठं असतो ते मात्र बरोबर सांगितलं. पलीकडून नणंद काय म्हणत होती ते ऐकू येत नव्हतं. बहुधा ती हसत असावी, कारण मामाही हसत होते.

फोन ठेवल्यावर ते नवऱ्याकडे वळले. "उद्या बोटीत जागा हाय का इचार."

"अण्णा, उद्या सकाळी निघायचंय आपल्याला. परवा मला फर्स्ट शिफ्ट आहे."

"तुला हाय. मला कुटं हाय?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बादलीत मान घालून नळ्या धूत राहिले. मग त्यानं फोन काढला आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन साहेबांकडून आणखी एक दिवसाची रजा मागून घेतली.